ती पार्टी

मु. केशोरी
आषाढ वद्य ८, शके १८५९

चि. सौ. सुशीला हिस,

तुझ्या नणंदेचे, रुख्माचे अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत घालणार असशील, तर आधी वाच आणि मग घाल. उमरावच्या नावाने मुद्दामच लिहिलं नाही. त्याने न फोडता परत पाठवलं असतं. त्याचा राग लहानपणापासून असाच आहे. सात वर्षांचा असताना माझ्यावर रुसून दोन दिवस गोठ्यात राहायला गेला होता. जेवायला मात्र वेळेवर यायचा.

तुम्ही बिलासपूरला गेलात त्याला दहा महिने होत आले. आता मुद्द्याचं सांगते. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबांच्या साठीचा तुम्ही गोंदियाच्या घरी बेत केला होता आणि इथून कोणीच आलं नाही. ते तुझ्या हातचं आम्हाला चालत नाही म्हणून नव्हे, देवाशपथ नव्हे. तुझे वडील आगगाडीवर गार्ड होते, दहा जातींच्या माणसांबरोबर जेवले, हे लग्नाच्या वेळी गावात लोक कुजबुजले खरे. पण बाबांनी तेव्हाच सगळ्यांना गप्प केलं होतं. घात केला तो एका अक्षराने.

तू लग्नानंतर इथे पुरते आठ दिवससुद्धा राहिली नाहीस, म्हणून उलगडून सांगते. आपल्या तलावाला तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायची मोरी. ते पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत जायचं, यावरून गावात दोन पार्ट्या पडल्या. एक बाबांची, म्हणजे पाटलाची, दुसरी सेवकरामची. आमच्या घरात सेवकरामचं नाव कोणी घेत नाही. 'ती पार्टी' म्हणतात. ती पार्टी तलावाच्या पाळीवर उभी आहे. ती पार्टी तहसिलीत जाऊन आली. मांजराने दूध सांडलं तरी मंगरू गाडीवान म्हणतो, त्या पार्टीचं असल.

आता तुमचं कार्ड आठव. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ, मोठं देखणं. 'ती. बाबांच्या साठीनिमित्त तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या घरी दुपारी चार वाजता टी पार्टी आहे. सर्वांनी अवश्य यावे.' ओसरीवर बाबा होते, आपल्या बाजूची चार माणसं होती, आणि वाचणारी मी. मी वाचलं, "दुपारी चार वाजता ती पार्टी आहे."

बाबांनी सुपारी फोडता फोडता विचारलं, "कोणती पार्टी?"

मी म्हटलं, "ती पार्टी."

पुढचं काय सांगू? सेवकरामचा पुतण्या उमरावसोबत मालगोदामात कामाला, दोघांची घरं एका गल्लीत, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. बाबा म्हणाले, "माह्या साठीले त्यायले बलावते? माह्या पोटचा होऊन?" आणि ओसरीवरून उठून गेले. गाडी जुंपायची ठरली होती, तीही राहिली.

या आखाडीला, आषाढाच्या पुनवेला, मी गोंदियाला गेले होते. ठेसनावर चुन्नीलालच्या दुकानावर पाटी होती, 'टी स्टॉल'. मी मोठ्याने वाचलं, "ती स्टॉल." तो पोट धरून हसला. "अरे बाई, ती नहीं, टी। टी मतलब चाय। अंगरेज लोग ऐसाच बोलते." मी फलाटावर मटकन बसले.

तर झालं ते असं. आता पुन्हा तान्हा पोळा येतो आहे, बाबांना एकसष्टावं लागेल. यंदा तुझा तो चहाचा बेत मी इथे करते. तुम्ही दोघांनी यायचं. छोट्या गाडीने अर्जुनीला उतरा, मंगरू गाडी घेऊन येईल. मला फक्त कृती कळव. आमच्याकडे चहा म्हणजे तापात घ्यायचा आल्याचा काढा, त्याला पार्टी कोण म्हणेल?

उमरावला माझे आशीर्वाद सांग. सांगवत नसेल तर राहू दे.

रुख्मा


मु. केशोरी
श्रावण शुद्ध ४

चि. सौ. सुशीला हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. सहा ओळी लिहिल्यास, त्यातल्या पाच चहाच्या आणि एक माझ्यावर. असो, पाच ओळी कामाच्या आहेत. पाणी उकळलं की खाली उतरवायचं, मग पत्ती घालायची, झाकायचं, दूध वेगळं, साखर वेगळी, ज्याने त्याने आपल्या चवीने घ्यायची. हे मला पटत नाही. पाहुण्याला स्वतःच्या हाताने साखर घ्यायला लावायची म्हणजे आमच्याकडे भांडण होईल. पण तू लिहिलंस तसंच करीन.

कपबश्या गोंदियाहून मागवल्या. सहा आल्या. एकीचा कान गाडीतच गेला, मंगरूने ती फडक्यात बांधून मांडीवर आणली असती तर वाचली असती. म्हणतो, "बाई, कान गेला तरी चहा थोडीच सांडते." ती मी माझ्यासाठी ठेवली आहे. टेबल शाळेतलं आणायचं ठरवलं आहे. गुरुजी द्यायला तयार आहेत, त्यांनाही एक कप लागेल. टेबलावर घालायला भरतकामाचा कपडा कुठला आणू? माझं एक कोरं पांढरं पातळ आहे, ते चौपदरी करून घालते. पाव इथे मिळत नाही. तू त्यात काकडीचे पातळ काप घालून ठेवले होतेस म्हणे. काकडी कुंपणावर लागली आहे, पाव नाही. तांदळाची भाकर कडा कापून चौकोनी केली तर चालेल का ते कळव. हसू नकोस.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं विचारशील. तुमच्या शेजारची कुंदाबाई धान कापणीला माहेरी इथे आली होती. तिनेच सांगितलं. निळ्या फुलांच्या कपबश्या, शेजारपाजारहून आणलेल्या खुर्च्या, उमरावने घातलेला कोट. छोट्या गाडीची शिटी झाली की तू उठून पाणी चुलीवर ठेवायचीस, तीन वेळा ठेवलंस आणि तीन वेळा उतरवलंस. ती सांगत होती तेव्हा मी धान पाखडत होते. पाखडतच राहिले.

तुझ्या सहाव्या ओळीचं. 'आम्हाला तसं वाटलं हे तुम्हाला कोणी सांगितलं? ह्यांचं पत्र बाबांना वाचून दाखवलंत का?' असं विचारतेस. अगं, तुम्हाला तसं वाटलं हेही कुंदाबाईनेच सांगितलं. आणि पत्राचं म्हणशील, तर घरात पत्रं येतात, वाचली जातात. वर्षापूर्वीचं काय धरून बसायचं?

बाबांना मी सांगितलं की उमराव आणि सुशीला तान्ह्या पोळ्याला येणार आहेत. संध्याकाळी ते मंगरूला गाडीच्या चाकांना वंगण घालायला सांगत होते. पोळ्याला अजून पंचवीस दिवस आहेत.

येतो असं नक्की लिही.

रुख्मा


मु. केशोरी
श्रावण वद्य ३

चि. सौ. सुशीला हिस,

तू शाळेत मास्तरीण व्हायला हवी होतीस. या वेळी दोनच ओळी. 'कुंदाबाईंना मी त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. खरं लिहिलंत तर पुढे बोलू.' कार्ड उघडंच होतं. डाकवाल्याने वाचलं असेल, वाचू दे.

खरं लिहिते.

उमरावचं पत्र पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी आलं. बाबा पाळीवर गेले होते. मी उंबऱ्यात उभी राहून फोडलं. 'चार वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत आम्ही दाराशी बसलो. सुशीलाच्या हातचा चहा तुम्हाला चालत नसेल, तर ते लग्नाआधी सांगायचं होतं. तिने कोणाचं काय वाईट केलं? बिलासपूरला बदली मागून घेतली आहे. आता तुम्हाला आमचा विटाळ होणार नाही.' मला पाठ आहे. 'चहा' शब्द वाचला तेव्हाच मला सगळं समजलं. चुन्नीलालची पाटी खरी, मी तशी वाचली हेही खरं, तो हसला हेही खरं. पण फलाटावर मटकन बसले हे खोटं. मला दहा महिने आधीपासून ठाऊक होतं.

बाबा आले. म्हणाले, "कोनाचं पत्र होय?" मी म्हटलं, उमरावचं. खुशाली आहे. बिलासपूरला बदली झाली. बाबा म्हणाले, "आनखी?" मी म्हटलं, आणखी काही नाही. ते म्हणाले, "झाला म्हनजे त्या पार्टीचा. जाऊ दे." आणि हातपाय धुवायला गेले. मी पत्र माझ्या पेटीत तळाशी ठेवलं.

का केलं, ते आता तू विचारशील, म्हणून तेही लिहून टाकते. मी अठराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आले. आई आधीच गेली होती. उमराव सात वर्षांचा. त्याला शाळेत घातलं तेव्हा त्याच्या पाटीवरून मी अक्षरं शिकले. तो गिरवून झाला की पुसायच्या आधी मी पाहून घ्यायची. गावाच्या आसपास पाच मैलांत वाचणारी बाई मी एकटी. पट्टेवाला आला, समन्स आलं, तलावाचा कागद आला, की ओसरीवर दहा पुरुष बसतात आणि मला आतून हाक येते. रांडाव बाईला ओसरीवर एरवी कोण बोलावतं? त्या दिवशी तुमचं कार्ड हातात घेतलं आणि तो शब्द मला कळला नाही. टी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. अक्षर मात्र ट होतं, सुशीला. वरच्या ओळीत 'ती. बाबा' होतं, बरोबर त्याच्या खाली 'टी पार्टी'. दोन्ही मला दिसत होते. चार माणसांसमोर 'मला हे कळत नाही' असं म्हणवेना. बाबा म्हणाले होते, "नीट पाहून सांग, रुख्मा." हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, तीच पार्टी आहे.

तेव्हा ती चूकच होती. पत्र आलं तेव्हा मी सुधारली असती तर तुम्ही बिलासपूरला गेलाही नसता. पण बाबा सारखे म्हणायचे, उमरावचं घर कसं आहे ते पाहू, सून चांगली आहे, चार महिने गोंदियाला राहू. तलावाचा तेव्हा त्यांना कंटाळा यायला लागला होता. तुझा चहा ते प्याले असते, त्यांना तो आवडला असता, मग ते राहिले असते. आणि मी इथे या घरात चार खोल्या आणि एक मंगरू घेऊन काय केलं असतं? पत्र पेटीत टाकताना मनात एवढंच होतं. वाईट आहे. मी तुमच्या दाराशी बसलेल्या दोन माणसांचा विचार केला नाही, आणि त्यातला एक मी माझ्या हाताने भरवून वाढवलेला होता.

हे उमरावला दाखव. तो मला काय म्हणेल ते मला लिहू नकोस, नाहीतर लिही, जसं म्हणेल तसं लिही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही आलात की तुमच्यासमोर सांगीन. एकटीने सांगवत नाही.

रुख्मा


मु. केशोरी
श्रावण वद्य १२

चि. सौ. सुशीला हिस,

'यांना दाखवलं. वाचून त्यांनी घडी करून ठेवलं. बाबांना तुम्ही एकटीने सांगायला हवं. आमच्या आड उभं राहून नको.' बरं. तुझं खरं आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि जास्त शब्दांत म्हटलं असतं.

तरी पण या. गाडी पाठवते. तुम्ही वाड्याच्या कोपऱ्यावर दिसलात की मी सांगेन, तुम्ही आत येईपर्यंत सांगून झालेलं असेल. एवढी सूट दे.

भाकरीचं तू काही कळवलं नाहीस. मी कडा कापते आहे.

रुख्मा


मु. केशोरी
भाद्रपद शुद्ध २

चि. सौ. सुशीला हिस,

काल तान्हा पोळा झाला. तुम्ही आला नाहीत. दोष देत नाही, काय झालं ते सांगते.

सकाळी मुलं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरून गेली. त्यांना करंज्या दिल्या. दुपारी गुरुजींचं टेबल आलं. त्याच्यावर शाईचे डाग होते, पातळाखाली झाकले. कपबश्या मांडल्या, मधोमध साखर, एका गडूत दूध, आणि भाकरीचे चौकोन. त्यांच्यात काकडी ठेवली की ते वर उचलले जातात, म्हणून प्रत्येकावर मी एकेक करंजी दाबून ठेवली होती. तू पाहिलं असतंस तर तुला हसू आवरलं नसतं. बाबांनी उमरावच्या लग्नातला कोट काढला. बटण लागत नव्हतं. खुर्चीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून.

चार वाजता मंगरूची गाडी आली. रिकामी. तो म्हणाला, "बाई, गाडीतून उतरले ते तांदुळवाले दोघं. दुसरं कोनी नाई." बाबांनी ऐकलं. म्हणाले, "लेट असल." छोटी गाडी लेट असते खरी, पण ती येऊन गेली होती.

मग अंगणात चपला वाजल्या. पाहते तर सेवकराम, आणि त्याच्या मागे त्याच्या बाजूचे तिघं. धुतलेली धोतरं नेसून. सगळ्या गावाला मंगरूने सांगितलं होतं की पाटलाकडे टी पार्टी आहे. गावाने काय ऐकलं ते तुला सांगायला नको. सेवकराम उभा राहून म्हणाला, "बलावलं म्हनून आलो. नाई तर आमी कायले येतो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बाबा म्हणाले, "आला तर बस."

बारा वर्षांनी तो माणूस आमच्या ओसरीवर बसला. मी चहा केला, तू लिहिलास तसा. पत्ती जास्त पडली. सेवकरामने बशीत ओतून घोट घेतला, चेहरा वाकडा केला आणि सहा चमचे साखर घातली. भाकरीचा चौकोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "याच्या कडा कोनी खाल्ल्या?" गुरुजींना ठसका लागला. बाबा हसले नाहीत, पण मिशी हलली. पाण्याचा विषय कोणीच काढला नाही.

मग बाबांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "उमराव काऊन आला नाई?"

मी म्हणणार होते, उद्या येईल. तोंडात आलंच होतं. मग आत गेले, पेटी उपसली, तळातलं पत्र आणलं आणि उभ्याने वाचलं. पहिल्या अक्षरापासून उमरावच्या सहीपर्यंत. 'विटाळ' शब्दावर थांबले, पुन्हा तोच शब्द वाचला. मग कार्डाचं सांगितलं. टी म्हणजे काय ते सांगितलं, मी काय वाचलं ते सांगितलं, ट मला दिसला होता तेही सांगितलं.

बाबांनी विचारलं, "किती दिवस झाले या कागदाले?"

"वरीस झालं."

"आन तू मले दोन्ही वेळा जेवाले वाढून राहिली होती."

एवढंच. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सेवकराम उठला. त्याने आपली कपबशी स्वतः उचलली, आडावर नेऊन विसळली आणि टेबलावर आणून ठेवली. त्याच्या तिघांनीही तसंच केलं. जाताना मला म्हणाला, "बाई, चहा कडू होता, पन पाटलाच्या सुनेचा चांगला असल." त्याला काय म्हणायचं होतं ते त्याला ठाऊक.

बाबा संध्याकाळी जेवले नाहीत. पाळीवर जाऊन बसले. मी दोन वेळा दारापर्यंत गेले आणि परत आले. तुम्ही दाराशी बसला होतात ते किती वेळ असतं, ते मला काल कळलं.

आज सकाळी त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "षष्ठीले निघतो मी. बिलासपूरले." मी म्हटलं, मी येते, गोंदियाला गाडी बदलावी लागते, ठेसनांची नावं वाचावी लागतात. म्हणाले, "नको. इचारत जाईन. माह्या तोंडाले काय झालं?" पंचाण्णव सालापासून ते कधी गोंदियाच्या पलीकडे गेलेले नाहीत, आणि ते साल इंग्रजी की महसुलाचं फसली हेही त्यांना सांगता येत नाही.

मी विचारलं, उमरावला कळवायचं तर गुरुजींकडून लिहवून घ्यायचं का? माझ्या हातचं पत्र आता त्यांना नको असेल असं मला वाटलं होतं. बाबा म्हणाले, "गुरुजी कायले? तू हायेस ना. लिही, मी येऊन राहिलो म्हना. चहा करून ठेव म्हना तिले."

म्हणून लिहिते आहे. षष्ठीला सकाळी अर्जुनीहून निघतील. गोंदियाला चुन्नीलालला मंगरू निरोप देईल, तो त्यांना बिलासपूरच्या गाडीत बसवून देईल. पण त्यांना उतरवून घ्यायला उमरावला फलाटावर उभं राहायला सांग. ज्या ज्या गाडीने ते येऊ शकतील त्या सगळ्या गाड्या पाहायला सांग. पांढरा फेटा, काळा कोट, हातात काठी आणि तांदळाची थैली. ती थैली तुझ्यासाठी आहे, हमालाला देऊ नका. फार चालवू नका, उजवा गुडघा दुखतो, पण तसं ते सांगणार नाहीत. रात्री दूध घेतात. रागावून बोलले तर समज की बरं वाटतं आहे. उमरावने आधी बोलावं. बाबांना सुरुवात करता येत नाही, मग ते हवापाण्याबद्दल बोलत बसतात आणि दिवस जातो.

इकडचं मी पाहते. तुडुमाची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली आहे. धान फुलावर येईल तेव्हा पाणी लागेल, ते मी सोडीन, सेवकरामच्या बांधीला आणि आपल्या बांधीला. दसऱ्याला ते परत येतो म्हणतील. येतो म्हणाले तर येऊ द्या. तुझा चहा त्यांना आवडला आणि राहतो म्हणाले, तर माझ्याकडे पाहून त्यांना परत पाठवू नकोस. राहू दे त्यांना.

रुख्मा